खासदाराचं प्रगतीपुस्तक कसं वाचायचं?

ताई, आमच्या चौकात खासदारसाहेबांचा मोठा फ्लेक्स लागलाय. संसदेत हजेरी ९० टक्क्यांच्या वर, प्रश्न एवढे, भाषणं तेवढी. सगळं झकास. मला फक्त एवढंच कळायचंय की अमुक विधेयकावर त्यांनी मत कुणाच्या बाजूने दिलं. ते फ्लेक्सवर नाही, पेपरात नाही, कुठे बघू?
— एक निवृत्त शिक्षक, सोलापूर जिल्हा

सर, तुम्ही नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. बहुतेक वेळा ते कुठेच लिहिलेलं नसतं, आणि ते लपवलंय म्हणून नाही, तर नोंदच झालेली नसते म्हणून. आपल्याकडे जवळजवळ सगळी विधेयकं आवाजी मतदानाने पास होतात, म्हणजे अध्यक्ष विचारतात, अनुकूल असलेल्यांनी 'हो' म्हणा, प्रतिकूल असलेल्यांनी 'नाही' म्हणा, मग कानाला जे मोठं वाटेल ते जाहीर होतं, संपलं. कोण ओरडलं, कोण गप्प बसलं, कोण कॅन्टीनमध्ये चहा पीत होतं, याचा कागद तयार होत नाही.

नावानिशी नोंद होते ती मतविभाजन झालं तरच. एखाद्या सदस्याने आवाजी निकालाला हरकत घेऊन विभाजन मागायचं, मग घंटा वाजते, दारं बंद होतात आणि प्रत्येकजण आपल्या जागेवर बटण दाबतो, हो, नाही किंवा तटस्थ. घटनादुरुस्ती असेल तर मागायचीही गरज नाही, तिथे एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत लागतं, ते मोजल्याशिवाय कसं कळणार. म्हणून घटनादुरुस्ती विधेयकं ही आपल्यासाठी सोन्याची खाण आहे. महिला आरक्षणाचं उदाहरण घ्या. २० सप्टेंबर २०२३ ला लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी ते मंजूर झालं. ते दोघे कोण तर एमआयएमचे असदुद्दीन ओवैसी आणि आपल्या छत्रपती संभाजीनगरचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. त्यांचं म्हणणं पटो न पटो, पण मतदाराला ठामपणे सांगता येतं की माझ्या खासदाराने इथे 'नाही' म्हटलं. हेच जर आवाजी झालं असतं तर दोन आवाज ४५४ मध्ये विरून गेले असते.

उलटं उदाहरण शेती कायद्यांचं. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत विरोधक मतविभाजन मागत होते, सभागृहात प्रचंड गोंधळ चालला होता आणि उपसभापतींनी आवाजी मतदानानेच विधेयकं मंजूर झाल्याचं जाहीर केलं. पुढे वर्षभर देश ज्या कायद्यांवरून पेटला त्यावर राज्यसभेतल्या कुठल्या खासदाराने काय मत दिलं हे आज तुम्हाला दाखवता येत नाही. नंतर २९ नोव्हेंबर २०२१ ला ते कायदे मागे घेतले तेही दोन्ही सभागृहांत चर्चा न होताच.

आता कुठे बघायचं. संसद डॉट इन ही सरकारी साइट उघडा, लोकसभा निवडा, डिबेट्समध्ये ज्या दिवशी मतदान झालं त्या दिवसाचं कामकाज काढा आणि पीडीएफमध्ये शेवटाकडे जा. इंग्रजीत 'आयज' आणि 'नोज' अशा मथळ्यांखाली नावांच्या लांबलचक याद्या असतात, त्यात आडनाव शोधायचं. खासदाराचं नाव टाकलं की त्याची सगळी मतं एका ओळीत समोर येतील अशी अपेक्षा ठेवू नका, विषयाकडून नावाकडे असं उलटं जावं लागतं. दोन बारीक गोष्टी सांगते, मी स्वतः यात फसले आहे. एक, मध्यरात्रीनंतर झालेलं मतदान आदल्या दिवसाच्या तारखेखाली सापडतं. वक्फ दुरुस्ती विधेयक लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ ने पास झालं तेव्हा घड्याळात ३ एप्रिल २०२५ उजाडला होता, पण बैठक २ तारखेची, म्हणून मी तासभर भलत्याच पीडीएफमध्ये डोकं घालून बसले होते. दोन, टीव्हीवरचा पहिला आकडा पकडून भांडू नका. १७ डिसेंबर २०२४ ला 'एक देश एक निवडणूक'चं विधेयक मांडायलाच मतविभाजन झालं, बटणांचा आकडा आला २२० विरुद्ध १४९, मग ज्यांचं बटण चुकलं किंवा नोंदच झाली नाही त्यांच्या चिठ्ठ्या मोजल्या आणि शेवटचा आकडा झाला २६९ विरुद्ध १९८. व्हॉट्सॲपवर मात्र दोन दिवस पहिलाच स्क्रीनशॉट फिरत होता.

मी आयटीत आहे, आम्हाला परफॉर्मन्स रिव्ह्यू असतो तसाच खासदाराचा करायचा ठरवलंय. हजेरी, प्रश्न, भाषणं यांचे आकडे मिळाले, एक्सेल पण बनवली. ज्याचे प्रश्न जास्त तो चांगला, असं धरलं तर चालेल ना?
— एक वाचिका, कोथरूड, पुणे

एक्सेल बनवलीत याचं कौतुक, पण रँकिंग लावायची घाई करू नका.

आकडे तुम्ही बहुधा पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चच्या एमपी ट्रॅकवरून घेतले असतील, ते चांगलंच आहे. २००५ पासूनची संस्था आहे, प्रत्येक खासदाराची हजेरी, प्रश्न, चर्चा आणि खासगी विधेयकं (म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली) एका पानावर देते आणि शेजारी देशाची आणि राज्याची सरासरीही असते. मागच्या म्हणजे १७ व्या लोकसभेत सरासरी हजेरी ७९ टक्के होती. त्यामुळे फ्लेक्सवर ८२ टक्के लिहिलं असेल तर तो पराक्रम नव्हे, वर्गातल्या मधल्या बाकावरचा मुलगा आहे तो. शिवाय ८२ टक्के कशाचे हेही बघा, त्या लोकसभेच्या ५ वर्षांत मिळून बैठकाच २७४ झाल्या. पहिल्या लोकसभेत त्या ६७७ होत्या.

हजेरी म्हणजे वर्षानुवर्षं रजिस्टरमधली सही होती. सही करून माणूस किती वेळ बसला हे त्यात नसायचं. आणि कमी हजेरीचंही कारण बघावं लागतं, डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित झाले, त्यात बारामतीच्या सुप्रिया सुळे आणि शिरूरचे अमोल कोल्हेही होते, आता बाहेर काढलेल्या माणसाला गैरहजर म्हणून मार्क कापणार का? सचिन तेंडुलकरचं आठवतंय ना. २०१२ ते २०१८ राज्यसभेवर, हजेरी इतकी कमी की संसदेतच त्यावर ओरड झाली. ती टीका योग्यच होती असं माझं मत आहे, क्रिकेटचं प्रेम बाजूला ठेवून. पण २१ डिसेंबर २०१७ ला ते खेळण्याच्या हक्कावर बोलायला उभे राहिले तर गोंधळात एक वाक्य बोलू दिलं नाही, शेवटी भाषण फेसबुकवर टाकावं लागलं. तुमच्या एक्सेलमध्ये तो दिवस 'हजर' आणि भाषण शून्य असा दिसेल.

आता प्रश्न. इथे खरी गंमत आहे. एकाच विषयावर चार-पाच खासदारांनी साधारण सारखाच प्रश्न टाकला तर लोकसभा सचिवालय तो एकत्र करतं आणि खाली सगळ्यांची नावं येतात. उत्तर एक, पण प्रत्येकाच्या खात्यावर एक प्रश्न जमा. महाराष्ट्रातल्या काही खासदारांची नावं अशी ओळीने एकाखाली एक दिसतात की बघून शाळेतला गृहपाठ आठवतो, एकाने केला आणि बाकीच्यांनी उतरवला. यात बेकायदा काही नाही, पण ५०० प्रश्न म्हणजे ५०० वेळा डोकं चालवलं असं नसतं. त्यातही तारांकित आणि अतारांकित वेगळे मोजा. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात, नंबर लॉटरीने ठरतो. अतारांकितचं उत्तर लेखी येऊन फाइलीत पडतं. तारांकितला मंत्री उभं राहून तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो, तिथे खासदाराचा अभ्यास उघडा पडतो, आणि मंत्र्याचाही. पण तासाभरात मोजक्याच तारांकितांचा नंबर लागतो.

भाषणांचंही तसंच. कामकाजाच्या पीडीएफमध्ये काही भाषणांना फुली असते आणि खाली टीप, की भाषण सभागृहाच्या पटलावर ठेवलं. म्हणजे बोलले नाहीत, कागद दिला.

एवढं सगळं करण्यापेक्षा मी काय करते सांगू? एका खासदाराचे कुठलेही दहा प्रश्न उत्तरासकट वाचते. मागे एकांचे वाचले तर दहापैकी सात अशी माहिती मागणारे होते जी त्या मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात आधीच छापलेली होती. दुसऱ्या एकांचे प्रश्न संख्येने निम्मेही नव्हते, पण एकाच सिंचन प्रकल्पावर सलग तीन अधिवेशनं, दरवेळी मागच्या उत्तरातली फट पकडून पुढचा प्रश्न. तुमच्या एक्सेलमध्ये पहिले वर आणि दुसरे खाली येतील.

आणि हो, 'संसदरत्न' लिहिलेलं दिसलं तर तो सरकारी पुरस्कार नाही, एक खासगी फाउंडेशन २०१० पासून देतं आणि तेही याच आकड्यांवर. प्रश्नांच्या आकड्याला किती भुलायचं याची आठवण म्हणून २००५ लक्षात ठेवा, पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल ११ खासदारांना संसदेतून काढलं होतं, त्यात महाराष्ट्रातले दोघे होते.

आमच्या खासदारांच्या नावापुढे हजेरी नाही, प्रश्न नाही, काहीच नाही. नेट बंद होतं की साहेब झोपले होते?
— एक वाचक, नागपूर

दोन्ही नाही. गडकरी मंत्री आहेत, आणि मंत्री हजेरीच्या रजिस्टरवर सही करत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत, त्यांना उत्तरं द्यायची असतात. त्यांचं काम बघायचं तर रस्ते वाहतूक मंत्रालयाची उत्तरं वाचा. कुणी 'मंत्र्याचे प्रश्न शून्य' अशी पोस्ट टाकली तर हसून सोडून द्या.

खासदार आपल्या मतदारसंघाच्या विरोधात जाणाऱ्या विधेयकालाही पक्ष सांगतो म्हणून हो म्हणतात. स्वतःची अक्कल वापरायला काय होतं? आणि असं असेल तर मत बघून उपयोग काय?
— स्पर्धा परीक्षेचा एक विद्यार्थी, लातूर

काय होतं? खासदारकी जाते. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आलं, तुमच्या अभ्यासात असेलच. पक्षाने व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, काढला आणि तुम्ही विरोधात मत दिलंत, किंवा नुसते तटस्थ राहिलात, पक्षाने ते १५ दिवसांत माफ केलं नाही, तर अपात्रतेची तलवार डोक्यावर. आयाराम-गयाराम थांबवायला केलेला कायदा, तो थांबला की नाही हे महाराष्ट्राला मी काय सांगू, पण साध्या विधेयकावरही खासदाराचा हात बांधला गेला हे मात्र झालं. माझं स्पष्ट मत असं की सरकार पडायचा प्रश्न असेल तिथे व्हिप ठीक, बाकी विधेयकांवर तो नसावा, पण सध्या तो आहे.

म्हणून मत बघायचं ते पक्षाचा हिशेब म्हणून. पक्षाने तुम्हाला गावात काय सांगितलं आणि दिल्लीत काय केलं. नागरिकत्व दुरुस्ती विधेयक बघा, ९ डिसेंबर २०१९ ला लोकसभेत ३११ विरुद्ध ८० ने पास झालं आणि शिवसेनेने बाजूने मत दिलं. दोनच दिवसांनी तेच विधेयक राज्यसभेत आलं तर त्याच शिवसेनेने सभात्याग केला. मुंबईत नुकतंच काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर सरकार आलेलं. आता दोन याद्या शेजारी ठेवल्या की कुणाच्या मुलाखतीची गरज उरत नाही. सभात्याग हा प्रकार मात्र नीट ओळखायला शिका. बाहेर गेलेला, आजारी असलेला आणि मुद्दाम न आलेला, तिघंही यादीत नसतातच. तटस्थचं बटण दाबणारा निदान नावासकट तटस्थ असतो.

व्हिप कुणाचा खरा, ही तर आपलीच कहाणी. शिवसेनेच्या २०२२ च्या फुटीत दोन प्रतोद, म्हणजे व्हिप बजावणारे, आणि दोन व्हिप, आणि ११ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रतोद राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष नाही, आणि भरत गोगावले यांना प्रतोद म्हणून दिलेली मान्यता बेकायदा ठरवली. परीक्षेला येऊ शकतं, लिहून ठेवा.

माणूस म्हणून खासदार कसा आहे ते व्हिप नसलेल्या जागी दिसतं, प्रश्न, शून्य प्रहर आणि नियम ३७७ च्या सूचना (दोन्ही तातडीचे किंवा मतदारसंघाचे विषय मांडायला), खासगी विधेयकं. खासगी विधेयकं शुक्रवारी दुपारनंतर येतात, तेव्हा सभागृह अर्धं रिकामं, कारण निम्मे जण विमानतळाच्या वाटेवर असतात. आजवर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये, तेव्हा 'विधेयक मांडलं' यावर फार टाळ्या नकोत, पण काय मांडलं ते वाचा, माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते कळतं. स्थायी समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात, तरी अहवालाच्या शेवटी इतिवृत्त जोडलेलं असतं आणि त्यात कोण हजर होतं त्यांची नावं असतात. ते फार कुणी बघत नाही, तुम्ही बघा.

खासदाराचं ठीक आहे, आमदाराचं काय? आमच्या द्राक्षांचा विषय विधानसभेत मांडला असं आमदार सांगतात. खरं का?
— एक बागायतदार, निफाड

दादा, विधिमंडळाची साइट आहे, एमएलएस डॉट ओआरजी डॉट इन. संसदेच्या साइटइतकी सोयीची नाही, पीडीएफच्या ढिगात हात घालावा लागतो, पण मराठीत आहे हा मोठा फायदा. आधी आमदारांना एवढं विचारा की कुठल्या अधिवेशनात आणि कुठल्या आयुधाने, म्हणजे सभागृहातल्या कुठल्या मार्गाने, मांडला. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, अर्धा तास चर्चा की नियम २९३ ची चर्चा? लक्षवेधीला मंत्र्याला निवेदन करावं लागतं. औचित्याच्या मुद्द्यावर बोलून खाली बसलं तरी रील बनतं.

तारांकित प्रश्नोत्तरांची यादी काढली की एक वेगळीच मराठी वाचायला मिळेल. 'सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय', मग (१) अमुक तालुक्यात गारपिटीने नुकसान झाले हे खरे आहे काय, (२) असल्यास चौकशी केली काय, त्यात काय आढळून आले, (३) नसल्यास विलंबाची कारणे काय. उत्तरात 'होय, हे खरे आहे', 'अंशतः खरे आहे', 'हे खरे नाही' आणि शेवटी ठेवणीतलं 'प्रश्न उद्भवत नाही'. 'अंशतः खरे आहे' आलं की तिथे थांबा, पुढच्या दोन ओळीत सरकारने आकडा दिलेला असतो आणि तोच आकडा तुम्हाला तहसीलमध्ये कामाला येतो. प्रश्नाखाली दहा-पंधरा आमदारांची नावं असतील तर तुमचे आमदार पहिले आहेत की तेरावे तेही बघून ठेवा.

मतांचं मात्र इथे आणखी अवघड. १२ नोव्हेंबर २०१४ ला फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव, म्हणजे सरकार राहणार की जाणार हा प्रश्न, तोही आवाजी मतदानाने मंजूर झाला, काँग्रेस आणि शिवसेना मतविभागणी मागत राहिले. त्याउलट ४ जुलै २०२२ ला शिंदे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर शिरगणती झाली, १६४ विरुद्ध ९९, प्रत्येक आमदाराचं मत मोजलं गेलं. अलीकडचं म्हणजे जनसुरक्षा विधेयक, १० जुलै २०२५ ला विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर, ठाम विरोध केला तो माकपचे डहाणूचे आमदार विनोद निकोले यांनी, एकट्याने. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. नंतर बाहेर येऊन विरोधात होतो म्हणणारे बरेच निघाले, म्हणू देत, पण त्या दिवशीच्या कामकाजात कोण उभं राहून काय बोललं तेवढंच पकडा.

मुंबईतल्या वाचकांचं बरं आहे, त्यांच्या आमदारांचं प्रगतीपुस्तक प्रजा फाउंडेशन काढतं. निफाडला ते आपलं आपणच काढायचं.

आमचे खासदार संसदेत बोलत नाहीत पण गावात सभामंडप, रस्ता, हायमास्ट सगळं देतात. मग काय हरकत?
— एक वाचक, धाराशिव

हरकत काही नाही, पण तो खासदार निधी, १९९३ पासूनची योजना, आता प्रत्येक खासदाराला वर्षाला ५ कोटी, खासदार कामं सुचवतो आणि जिल्हा प्रशासन ती करून घेतं. पैसा सरकारचा, पाटी साहेबांची. कायदे करणं आणि सरकारला जाब विचारणं हे काम वेगळं, त्याला पर्याय म्हणून हायमास्ट चालत नाही.

गोव्यातलं काही सांगाल का? इथे सगळे 'एलएक्यू, एलएक्यू' म्हणतात.
— एक वाचिका, मडगाव

एलएक्यू म्हणजे विधानसभेतला प्रश्नच, तारांकित आणि अतारांकित. तुमचं सभागृह ४० जणांचं, त्यामुळे कोण काय विचारतंय ते लक्षात ठेवणं २८८ वाल्या आमच्यापेक्षा खूप सोपं. गोवा विधानसभेच्या साइटवर उत्तरं जोडपत्रांसकट मिळतात आणि खरा माल जोडपत्रातच असतो, जमिनीच्या रूपांतराचे सर्व्हे नंबर, नेमणुकांच्या याद्या वगैरे. उत्तरात 'माहिती गोळा केली जात आहे' असं दिसलं तर तारीख लिहून ठेवा, पुढच्या अधिवेशनात तुमच्या आमदाराने तोच प्रश्न परत टाकला का ते तपासा, आणि नसेल टाकला तर त्यांना फोन करून विचारा, ४० जणांच्या सभागृहातला आमदार फोन उचलतो.